तुम्ही विचारलंत म्हणून: "नॅचरल आहे, मग घेऊ का?"

मी औषधशास्त्र शिकवते आणि बायकांच्या आरोग्यावरचे रिसर्च पेपर वाचण्यात माझा बराच वेळ जातो. हे ओळखीत एकदा कळलं की एक प्रश्न हमखास येतो. मैत्रिणी विचारतात, त्यांच्या मुली विचारतात, विद्यार्थिनी तास संपला की मागे थांबून हळूच विचारतात. "अमुक चूर्ण हार्मोन बॅलन्स करतं म्हणे, नॅचरल आहे, घेऊ का? रिसर्च झालाय ना त्याच्यावर?"

मी आधी उलट विचारते की तुला त्रास नेमका काय होतोय. समोरची कधीकधी वैतागते, कारण तिला हो किंवा नाही एवढंच हवं असतं, पण औषधाच्या नावावरून उत्तर देताच येत नाही, तक्रारीवरून देता येतं. हार्मोन बॅलन्स ही काही मोजता येणारी गोष्ट नाहीये. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन महिनाभर खालीवर होतच असतात, ते व्हायलाच हवेत, त्याशिवाय पाळी येणारच नाही. मोजता येतं ते दुखणं, रक्त किती जातं ते, दिवसातून किती वेळा अंगातून गरम वाफा येतात ते, नाहीतर रक्तातलं एखादं ठरावीक हार्मोन. अभ्यास होतात ते ह्याच गोष्टींवर, आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

पाळीत पोटात दुखतं ते घ्या. गर्भाशयाचं अस्तर सुटायला लागलं की त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांच्यामुळे गर्भाशय आवळतं, त्याचा रक्तपुरवठा तात्पुरता कमी होतो आणि कळा येतात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या ही रसायनं बनूच देत नाहीत म्हणून काम करतात. त्यांच्यावरच्या अभ्यासांचा कॉक्रेन ह्या, उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये आढावा घेतला, त्यात नुसती खोटी गोळी (म्हणजे तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली) घेऊन बरं वाटलेल्या बायका साधारण 18 टक्के असतील तर खऱ्या गोळीने ते प्रमाण 45 ते 53 टक्क्यांपर्यंत जातं असा अंदाज दिलाय. आता सुंठ. आल्यातले काही घटक प्रयोगशाळेत ह्याच रसायनांच्या वाटेत आडवे येताना दिसतात, म्हणजे सुंठेचा परिणाम का व्हावा ह्याला निदान पटण्यासारखं कारण आहे. इराणमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 150 विद्यार्थिनींना पाळीचे पहिले तीन दिवस सुंठेची कॅप्सूल, मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन दिलं, आणि तिन्ही गटांत आराम सारखाच पडला. ऐकायला छान आहे, पण त्या अभ्यासात खोटी गोळी घेणारा गटच नव्हता, त्यामुळे आराम सुंठेने किती आणि आपोआप किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही. नंतरच्या काही अभ्यासांत खोट्या गोळीशी तुलना झाली आणि तिथेही रोज 750 ते 2000 मिलिग्रॅम सुंठ पहिले तीन-चार दिवस घेतल्याने दुखणं कमी झालं. तरीही कॉक्रेनने 2016 मध्ये पाळीच्या दुखण्यावरच्या सगळ्या सप्लिमेंट्सचा आढावा घेतला, 27 अभ्यास आणि 3101 बायका, तेव्हा सुंठ, मेथी अशा मोजक्या गोष्टींमागे थोडाफार पुरावा आहे पण त्याचा दर्जा कमी किंवा फारच कमी आहे असंच लिहिलं. माझं मत विचाराल तर साध्या, दुसरा आजार नसलेल्या दुखण्यासाठी सुंठ घेऊन बघायला माझी हरकत नाही. पाळी सुरू होताना घ्यायची, तीन-चार दिवस घ्यायची, बारा महिने नाही.

पाळीच्या आधी होणारी चिडचिड, छातीत दुखणं, फुगल्यासारखं वाटणं, म्हणजे पीएमएस, त्याची गोष्ट निराळी. तिथे सगळ्यात जास्त अभ्यास झालेली वनस्पती आहे व्हायटेक्स ॲग्नस-कॅस्टस. तिच्या फळातले काही घटक मेंदूतल्या डोपामिनच्या रिसेप्टरला चिकटतात आणि प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन कमी करतात असं दिसलंय. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात 170 बायकांपैकी साधारण निम्म्यांनी तीन पाळ्या ह्या फळाचा एक ठरावीक अर्क रोज 20 मिलिग्रॅम घेतला, बाकीच्यांनी खोटी गोळी. लक्षणं निम्म्याहून कमी झालेल्या बायका अर्काच्या गटात 52 टक्के आणि खोट्या गोळीच्या गटात 24 टक्के. फरक खरा आहे, पण तो 24 चा आकडा विसरू नका, जवळपास चौथा हिस्सा बायकांना ज्यात काहीच नाही अशा गोळीनेही बरं वाटलं. आणि अजून एक, निर्गुंडी ह्याच वनस्पतीची जवळची बहीण आहे म्हणून ते आकडे निर्गुंडीच्या पुड्यांवर छापले जातात हे मला अजिबात मान्य नाही. वनस्पती वेगळी, फळाऐवजी पान, अर्क वेगळा, मग तो निकाल तिचा कसा होईल?

पाळी जातानाच्या गरम वाफांसाठी ब्लॅक कोहोश ही अमेरिकेतली वनस्पती फार खपते. त्याआधी वाफांवर हार्मोनच्या गोळ्या सर्रास दिल्या जायच्या. 2002 च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ह्या मोठ्या अभ्यासातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन) एकत्र देण्याचा भाग थांबवला, कारण स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला. जगभर बायकांनी हार्मोनच्या गोळ्या सोडल्या आणि काहीतरी नॅचरल शोधायला लागल्या, आणि ते अगदी समजण्यासारखं होतं. पण 2006 मध्ये 351 बायकांवर वर्षभर चाललेल्या अभ्यासाचा निकाल आला त्यात ब्लॅक कोहोश आणि खोटी गोळी ह्यांत फरक निघाला नाही, हार्मोन घेणाऱ्या गटात मात्र वाफा स्पष्ट कमी झाल्या. माझ्या मावशीच्या वयाच्या बायका मला सांगतात की आम्हाला गुण आला, आणि त्या खोटं बोलत नाहीयेत. त्रास सगळ्यात जास्त असतो तेव्हाच आपण औषध सुरू करतो, आणि असा त्रास बऱ्याचदा नंतर आपसूकही थोडा उतरतो, त्याचं श्रेय हातात असलेल्या बाटलीला मिळतं. म्हणून तर तुलनेचा गट लागतो.

पीसीओएसवाल्या मुली, म्हणजे ज्यांची पाळी अनियमित असते आणि पुरुषी हार्मोन वाढून चेहऱ्यावर केस येतात त्या, पुदिन्याच्या चहाबद्दल विचारतात. तो स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा अभ्यास होता, 2010 साली आला, चाळीसेक बायका, रोज दोन वेळा चहा, एक महिना. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खरंच कमी झालं, मुलींना स्वतःलाही चेहऱ्यावरचे केस कमी वाटले, पण तपासणाऱ्यांनी मोजलं तर केसांत फरक नव्हता. केसाचं चक्र महिन्यांमध्ये चालतं, एका महिन्यात काय दिसणार. मला हा अभ्यास आवडतो, प्रामाणिक आहे, फक्त त्याच्यावरून पीसीओएस बरा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बाटलीत काय आहे हा तर वेगळाच विषय. ब्लॅक कोहोशच्या नावाने विकलेल्या गोळ्यांची डीएनए तपासणी केली तेव्हा काहींमध्ये भलत्याच जवळच्या वनस्पती निघाल्या. पाळीत रक्त जास्त जातं म्हणून दिल्या जाणाऱ्या अशोकाच्या सालीचंही तेच, औषधी सीता-अशोकाच्या जागी सरळसोट वाढणाऱ्या शोभेच्या अशोकाची साल मिसळली जाते, आणि ही दोन झाडं एका कुळातलीसुद्धा नाहीत. नावात अशोक आहे एवढंच.

आणि नॅचरल म्हणजे निरुपद्रवी असं तर मुळीच नाही. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती मूड सुधारायला घेतात, ते लिव्हरमधली एन्झाइम्स इतकी वाढवतं की गर्भनिरोधक गोळी लवकर पचून जाते, मधेच रक्तस्राव होतो आणि गोळीवरचा भरवसाही जातो. डाँग क्वाय हे चिनी औषधी मूळ वॉरफॅरिन ह्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, वर वाफांवरच्या 1997 च्या अभ्यासात ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलंही नव्हतं. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं. ब्लॅक कोहोश घेणाऱ्यांत लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नोंदवलेल्या आहेत, विरळ आहेत पण आहेत. डॉक्टरांना गोळ्या सांगताना हे सगळं पण सांगा, बायका सांगत नाहीत कारण त्यांना ते औषध वाटतच नाही.

मला खरी काळजी वाटते ती ह्यात जाणाऱ्या वर्षांची. पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायकांना एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असतो, जगात जवळपास 19 कोटी, आणि निदान व्हायला कित्येकींना वर्षानुवर्षं लागतात. त्यातली कितीतरी वर्षं काढे आणि चूर्णं बदलण्यात, "पाळीत दुखणारच" हे ऐकण्यात जातात. म्हणून दर तासाला पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी जात असतील, पाळी नसतानाही दुखत असेल, संबंधाच्या वेळी दुखत असेल, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर कृपा करून आधी तपासणी करा, वनस्पतीचा विचार नंतर. बाकी कुणाला काही घेऊन बघायचंच असेल तर मी सांगते की आधी दोन पाळ्या काहीही न घेता रोजची लक्षणं लिहा, मग एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि तसंच लिहीत राहा.

रिसर्च इतका तुटपुंजा का, हेही विचारतात. एक कारण जुनं आहे. अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए ह्या सरकारी संस्थेने 1977 मध्ये गर्भधारणा होऊ शकणाऱ्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांमधून बाहेर ठेवायला सांगितलं आणि ते बदलायला 1993 उजाडलं. शिवाय झाडाचं पेटंट सहज मिळत नाही, मग मोठ्या चाचणीचा खर्च कोण करणार. शतावरी आणि अशोकासारख्या इतक्या वापरातल्या औषधांवर मोठ्या, नीट केलेल्या चाचण्या व्हायला हव्यात असं मला मनापासून वाटतं: सालीची ओळख तपासलेली, अर्क प्रमाणित, तक्रार एकच ठरवलेली. अशोकाची चाचणी केली तर एका गटाला अशोक, एकाला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध, एकाला खोटी गोळी, निदान सहा पाळ्या, आणि रक्त किती गेलं ते मोजून. अशी चाचणी झाली आणि अशोक त्यात टिकला तर मी स्वतः वर्गात शिकवीन.