पाच डझनाची पेटी चार डझनाची कशी झाली

मार्च ते मे आमच्या देवगडच्या घरात पडवीवर पाय ठेवायला जागा नसते. एका कडेला पेंढा, एका कडेला आंब्याच्या पेट्या, मधोमध वही घेऊन बसलेले बाबा. संध्याकाळी टेम्पो वाशीला निघायच्या आत एकूण किती फळ गेलं ते त्यांना हवं असतं. मी घरूनच काम करते, लॅपटॉप उघडाच असतो, म्हणून बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलवर टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, पंधरा-वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. व्हाइल लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा; आत टाइप केलेलं वाचणारा रीड, पेटीचा आकडा घ्यायचा, बेरजेत टाकायचा, रिकामी ओळ आली की ब्रेक, म्हणजे थांब.

आधी डझन मोजत होतो. मोठं फळ, चार-पाच डझनाच्या पेट्या. रकाना सरळ दिसावा म्हणून बाबा ०४, ०५ असं लिहितात. मीही तसंच टाइप करायचे. मग बारीक फळ सुरू झालं, पहिली ०८ ची पेटी आली आणि लूप तिथंच तुटला. ‘व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस’, म्हणजे या मोजणीत हा अंक बसत नाही.

“तुझ्या कॉम्प्युटराक आठ मोजूक येना नाय काय गो?” बाबांनी विचारलं.

खरंच येत नाही. पुढे शून्य असलं की बॅश तो आकडा अष्टमान धरतं, म्हणजे दहाऐवजी आठाची मोजणी, अंक फक्त ० ते ७, आणि अष्टमानात आठ हा अंकच नाही. ही खोड सी भाषेची, सीला ती बी भाषेकडून मिळाली, आणि बी ज्या पीडीपी-७ या जुन्या संगणकावर जन्मली तो एका वेळी १८ बिटांचा शब्द हाताळायचा; अष्टमानाच्या एका अंकाला तीन बिट, म्हणजे सहा अंक चपखल. फाइलच्या परवानग्या ठरवणारं चमॉड ७५५ त्याच घराण्यातलं. पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत असताना हा वंशवृक्ष कोण ऐकणार? मी घाईघाईत ०८ चं ८ आणि ०९ चं ९ करणारी दोन ठिगळं लावली. ते महागात पडलं.

पुढं साडेपाच डझनाच्या पेट्या आल्या. बॅशला दशांश चालत नाहीत, म्हणून थेट नग मोजायला लागलो. क्रेटमध्ये शंभरावर फळ जातं, त्यामुळे वहीत आता तीन आकडे: ०६०. शहाणपणा म्हणून मी तपासणीही घातली, आकड्याला सहानं भाग जायलाच हवा. त्या दिवशी तीस पेट्या, सगळ्या पाच डझनाच्या. स्क्रिप्ट म्हणाली १४४०. बाबा वहीत न बघता म्हणाले, अठराशे.

०६० म्हणजे अष्टमानात सहा आठे अठ्ठेचाळीस. आणि अठ्ठेचाळीसला सहानं भाग जातो! ०८ नं निदान बोंब तरी मारली होती. ०६० नं गुपचूप पेटीमागे बारा आंबे गिळले. ०७२ असते तर ५८ झाले असते आणि तपासणीत सापडले असते.

आता रीडनंतर आधी केस, म्हणजे काय टाइप झालंय त्याची तपासणी. ० ते ९ सोडून एकही अक्षर दिसलं की पेटी पुन्हा विचारायची. (मी इथं देवनागरी आकडे लिहितेय, टर्मिनलला इंग्रजीच लागतात.) हे बेरजेच्या आधीच हवं. कारण १२ टाकताना एकच्या जागी इंग्रजी एल पडला, तर बॅश त्याला व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा साठवायच्या कप्प्याचं, नाव समजतं, तसं व्हेरिएबल नसतंच, मग शून्य मिळवून निवांत पुढं जातं. त्यानंतर आकड्याच्या आधी १० आणि हॅश, म्हणजे दशमानच धर बाबा. आणि रीड फसला, म्हणजे वाचायला काही मिळालंच नाही, तर ब्रेक.

सहाची तपासणी मी तशीच ठेवली होती. काल तिनं ०५९ नाकारलं, तीनदा.

“एक तुझ्या पोरान खाल्ल्यान,” बाबा म्हणाले. “ता लिव त्या कॉम्प्युटरात.”

ती ओळ मी काढून टाकली.