पाटणादेवी ते पितळखोरे: अर्ध्या तासाची वाट आणि तीन तासांचं वेटिंग

पितळखोऱ्याची लेणी बघायची असतील तर वरूनच बघा. कन्नडच्या बाजूने गाडीरस्ता आहे, पायऱ्या उतरल्या की लेणी समोर. पाटणादेवीच्या देवळापासून नाल्यानाल्याने चढून जायला कोणी सुचवलं आणि वर 'अर्ध्या तासाचं काम' असं म्हणालं, तर त्यालाच पुढे चालायला सांगा. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल.

सध्या जळगावात एका दिवसाच्या सहलींचं पेव फुटलंय. आम्हाला मोबाइलवर आलेली जाहिरात अशी: 'जंगल, लेणी आणि वाईन, एकाच दिवसात, जळगावहून जळगावला.' फोटोत काळ्या द्राक्षांचे टपोरे घड आणि मागे हिरवा डोंगर. मेहुण्याने फोनवर विचारलं, चाळीसगावकडे कुठली द्राक्षं, आपल्याकडे केळी नाहीतर कापूस. पलीकडून उत्तर आलं, "साहेब, सगळं अरेंज आहे." आता हा फोटोच मुळात खोटा होता. आम्ही निघालो दसरा आटोपल्यावर. वाईनच्या द्राक्षांची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे नाशकातल्या बागांतसुद्धा त्या दिवशी घड नव्हते, असणार होत्या फक्त काड्या.

'वाईन टेस्टिंग' कसं झालं तेही इथेच सांगून टाकतो, म्हणजे त्या विषयावर परत चिडायला नको. चाळीसगावात ड्रायव्हरने गाडी थांबवली, दुकानातून एक बाटली आणली, आणि संध्याकाळी ढाब्यावर तीच कोमट बाटली कागदी कपांतून आमच्यापुढे आली. सोबत शेवभाजी. माणशी चारशे रुपये. शेवभाजी झणझणीत होती, तिच्याबद्दल तक्रार नाही.

सकाळ मात्र छान गेली. पाटणादेवी चाळीसगावपासून १८ किलोमीटर. नवरात्रात तिथे यात्रेची एवढी गर्दी असते की पाय ठेवायला जागा मिळत नाही. दसऱ्यानंतर आठवड्याभरात गेलात तर देऊळ, रान आणि नाल्याचं पाणी सगळं तुमचंच. देवळाचं जुनं दगडी काम निवांत बघून घ्या. याच पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचं घराणं नोंदलेलं आहे. नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिलं, आणि ते सगळं दगडावर कोरून ठेवलं. मजकुरात शके ११२८ चा उल्लेख आहे. हा लेख जगापुढे आणला तो एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. गणिताच्या पाठ्यवृत्तीचा आठशे वर्षांपूर्वीचा कागद आपल्या जिल्ह्यात आहे, आणि बहुतेक लोक तिथून नारळ फोडून परत येतात. असो.

आता ती वाट.

ड्रायव्हरचा बेत असा: तुम्ही खालून चढा, मी गाडी घाटाने फिरवून वर आणतो, लेण्यांपाशी भेटू. "आर्धा तासनं काम शे भाऊ," हे त्याचेच शब्द. कागदावर बेत झकास वाटतो. सुरुवातही फसवी आहे. सागाच्या सावलीतून रुंद वाट, बाजूला खळाळता नाला, मोरांचे आवाज. एवढ्यावर माणूस खूश होतो आणि पाणी पिऊन टाकतो. तसं करू नका. पुढे नाला परत परत ओलांडावा लागतो, दगडांवर शेवाळ असतं, आणि पावसाळा नुकताच सरलेला असल्यामुळे कोणता दगड हलणार ते पाय टाकल्यावरच समजतं. बूट आणि काठी दोन्ही हवेत. चपलांवर आलेली दोन पोरं आम्हाला लवकरच उलटी येताना भेटली, एकाच्या हातात तुटलेला पट्टा.

पण खरा त्रास नाला सोडल्यानंतरचा. वाटा फुटतात, आणि जी जास्त मळलेली असते ती गुरांची निघते. कमरेच्या वर गवत, खाली सुटा मुरूम, धरायला घाणेरीच्या काटेरी फांद्या. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. उभ्या उतारावर गवत ओलं असेल तर पाय ठरत नाही आणि वाळलेलं असेल तर कुसळं मोज्यांतून आत शिरतात. आम्हाला सकाळी पहिला आणि दुपारी दुसरा प्रकार मिळाला. खोऱ्यात वारा नाही. ऑक्टोबरचं ऊन खडकावरून परतून तोंडावर येतं. मोबाइलची रेंज केव्हाच गेलेली. मेहुणा दर आठवड्याला टेकडी चढणारा माणूस, तोही एका ठिकाणी चक्क बसकण मारून म्हणाला, "मी इथेच राहतो, माझं रेशनकार्ड इकडे बदलून घ्या." शेवटी एका गुराख्याने वरून हाक मारून योग्य धार दाखवली. तो नसता तर आम्ही कड्याच्या तोंडाशी जाऊन अडकलो असतो.

अर्ध्या तासाचे पावणेतीन तास झाले.

एवढं सांगूनही ही वाट करायचीच असेल, तर माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, आणि पाटण्याचा एखादा माहीतगार माणूस. हा सगळा भाग अभयारण्यात येतो. वनखात्याच्या चौकीवर नाव आणि वाट सांगून परवानगी घ्या, गुपचूप घुसू नका. सकाळी सातच्या आत चालू लागा. मुलं नकोत, गुडघे दुखणारे नकोत. पावसाळ्यात तर नाहीच नाही. आणि याच वाटेने उतरायचा विचारही करू नका; चढताना जिथे हात टेकले, तिथे उतरताना बैठक टेकेल.

आता लेण्यांबद्दल, कारण एवढं करून ती पाहिल्यावर मला हसू यायला लागलं होतं. थकव्याचं असेल किंवा आनंदाचं. पितळखोरे इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातलं, म्हणजे अजिंठ्याच्या सगळ्यात जुन्या लेण्यांच्या बरोबरीचं. कड्याचा बराच भाग कोसळलेला आहे. तरी विहाराच्या जोत्यावर ओळीने हत्ती उभे आहेत, दाराशी भालेवाले द्वारपाल आहेत, आणि चैत्यगृहाच्या खांबांवर जुन्या रंगांतल्या बुद्धाच्या आकृती अजून टिकून आहेत. इथे सापडलेला बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या तळहातावर घडवणाऱ्याचं नाव आहे, कान्हदास, आणि तो पेशाने सोनार होता. सोनाराने दगड फोडला म्हणजे हौसच म्हणायची. वेरूळला जाणाऱ्या शंभरातला एकसुद्धा इकडे वळत नाही, तेव्हा निवांत बघता येतं. फक्त कड्याला आग्या मोहळं लटकलेली आहेत. अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका, ओरडू नका. तिथे पळायला जागा नाही.

गाडी वर आलेलीच नव्हती. पायऱ्या चढून वाहनतळावर आलो तर नुसतं ऊन. पाणी संपलेलं. ड्रायव्हर औट्रम घाटात, म्हणजे आपल्या कन्नड घाटात, अडकलेला. हा घाट ज्यांना ठाऊक आहे त्यांना नवल वाटणार नाही. एखादा ट्रक वळणावर बंद पडला की दोन्हीकडे मैलभर रांग. २०२१ च्या ऑगस्टअखेरीला इथे दरडी कोसळून घाट बंद झाला होता आणि त्याच पावसात चाळीसगावात पूर आला होता. जड वाहनांवर बंदीचे आदेश निघाले तरी घाटात शिरताना वेळेचा हिशोब करायचा नसतो, ही इकडची जुनी शिकवण. तासाभराने तो आला. इथपर्यंत मी त्याच्यावर रागावलो नव्हतो.

रात्री जळगावात बिल आलं. त्यात 'वेटिंग तीन तास, दर तासाला दोनशे', एकूण सहाशे रुपये. कसलं वेटिंग? गाडी उभी होती ती घाटातल्या जाममध्ये. उन्हात वाट बघत बसलो होतो आम्ही. म्हणजे वेटिंग आम्ही केलं आणि पैसेही आम्हीच द्यायचे! सहल काढणाऱ्याला फोन केला, तर म्हणे गाडी उभी राहिली की मीटर चालू. अर्धा तास हुज्जत घालून तीनशेवर तुटलं, ते तीनशेही मला अजून पचलेले नाहीत. तेव्हा गाडी ठरवताना व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या: एकूण किलोमीटर किती, जाम किंवा पंक्चरमध्ये गेलेला वेळ कोणाच्या खात्यावर, टोल आणि पार्किंग कोणाचं, ड्रायव्हरचं जेवण कोणाकडे. तोंडी 'सगळं त्यातच आलं' याला काही अर्थ नाही. पार्किंगच्या नावाखाली कोणी हातात चिठ्ठी ठेवली तर ती छापील आहे का, तिच्यावर ग्रामपंचायतीचं किंवा वनखात्याचं नाव आहे का, तेवढं बघून मगच पैसे काढा.

वन्यजीवांबद्दल: गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालचं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. बिबटे आहेत, अस्वलं आहेत, २०२१ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत चालत एक वाघही इकडे आला होता. जाहिरातीत अर्थात वाघाचाच फोटो. आम्हाला दिसलं ते एवढं: लंगूर, मोर, रानडुकरांनी उकरलेली जमीन. दिवसाउजेडी चार माणसं बडबडत चालली तर आणखी काय दिसणार? पक्ष्यांसाठी जा, सकाळी जा, दुर्बीण न्या. बिबट्या दिसायचाच तर चाळीसगाव तालुक्यात तो उसाच्या शेतात दिसतो, आणि तसा तो दिसावा असं तिथल्या कोणालाच वाटत नाही. २०१७ चा वरखेड्याकडचा नरभक्षक अजून लोकांच्या बोलण्यात आहे. अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा.

वाईन प्यायची असेल तर ती नाशकात, आणि वेगळ्या दिवशी. चाळीसगाव ते नाशिकरोड रेल्वेने १४० किलोमीटर, जळगावहून त्यात आणखी ९३. एवढं अंतर, वर जंगल, वर लेणी, हे सगळं एका दिवसात बसवणाऱ्याला भूगोलात नापासच करायला हवं. सकाळच्या गाडीने नाशिकरोडला उतरा, तिथून गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनरी वीसेक किलोमीटर, रिक्षापेक्षा टॅक्सी बरी. जानेवारी-फेब्रुवारीत जा, तेव्हा वेलींवर खरोखरच घड असतात. वय एकवीसच्या पुढचं हवं, ओळखपत्र ठेवा, आणि त्या दिवशी ड्राय डे नाही ना तेवढं बघा. दोन ऑक्टोबरच्या सुट्टीला निघालात तर नुसती सरबतं पिऊन याल. शनिवार-रविवारी तिथे मुंबईची गर्दी लोटते. परतीचं तिकीट आधी काढा आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

हातनूर धरणालाही मागे एका थंडीत जाऊन आलो. भुसावळहून सोपं आहे, तापीवर एक्केचाळीस दरवाजांचं धरण, पाण्यावर चक्रवाक आणि वारकरी पक्षी, जवळच चांगदेवचं देऊळ (हा योगी चांगदेव, पाटणचा नातू नव्हे) आणि तापी-पूर्णेचा संगम. कोणी फसवलं नाही, काही बिघडलं नाही, घरी वेळेवर पोचलो. जा. पालला यावल अभयारण्य बघायला निघालात तर जेवणाचं मात्र आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा, ऐन वेळी भाकरी-भरीत मिळेल या भरवशावर राहू नका.