यिर्मयाचं पत्र आणि आमचे मंगळवार

मंगळवार, रात्री

बायबलमधलं यिर्मया 29:11 हे वचन पाठ नाही असं घर आमच्या ख्रिस्ती समाजात शोधून सापडायचं नाही. कॅलेंडरवर तेच, हॉलमधल्या फ्रेमवर तेच, वाढदिवसाच्या मेसेजमध्ये पण तेच, की देवाच्या मनात आपल्याबद्दल हिताचे विचार आहेत, वाईटाचे नाहीत. ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात असं डॉक्टरांनी सांगितलं त्या आठवड्यात हे वचन मला इतक्या लोकांनी पाठवलं की शेवटी मोबाईल उलटा करून ठेवला. पाठवणाऱ्यांचं प्रेम खरं होतं, पण मला ते वाचून अजूनच एकटं वाटायचं. मग एका रात्री झोप लागेना म्हणून तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, आणि खरं सांगते, माझं बायबल वाचणंच त्या रात्रीपासून बदललं.

ते एक पत्र आहे. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मयाने, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्या संदेष्ट्याने, यरुशलेमेहून पाठवलेलं. आणि 11 व्या वचनाच्या अगदी वर, 10 व्या वचनात, देव म्हणतो 70 वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी जे तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होते त्यांनी घर परत बघायचंच नव्हतं! त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे, तो सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना हनन्याच आवडला असणार, मलाही तेव्हा तोच हवा होता. पण देवाने पाठवलेला निरोप यिर्मयाकडे होता, आणि तो निरोप काय, तर घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, आणि ज्या शहरात मी तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

आमच्याकडेही हनन्या येऊन गेला. ओळखीतून घरी प्रार्थनेला आले होते एक जण, नाव लिहीत नाही. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, विश्वास असेल तर मशीन सोडून द्या, प्रभूने बरं केलंय. सासूबाई रडायला लागल्या, ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सरळ सांगितलं, भाऊ, प्रार्थना करा, पण मशीन बंद होणार नाही. देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि डायलिसिसचं मशीनही त्याच्याच हातातलं आहे यावरही आहे. आजारी माणसाच्या घरात जाऊन त्याच्या विश्वासाची परीक्षा घेणं मला पाप वाटतं, स्पष्टच लिहिते.

तर डायलिसिसचे दिवस मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी चेंबूरहून निघायचं, एकदा मशीन लागलं की चार तास. ह्यांच्या डाव्या हातात फिस्टुला केलाय, धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडतात, मग ती शीर फुगून जाड होते आणि त्यात सुया घालता येतात. त्या हाताला बीपी घ्यायचं नाही, रक्त काढायचं नाही, जड पिशवी उचलायची नाही. त्यावर बोटं ठेवली की आत सारखी थरथर लागते, मांजर मांडीवर घुरघुरतं ना अगदी तशी. ती लागली म्हणजे फिस्टुला चालू आहे. रोज उठल्यावर मी आधी तिथे हात ठेवते आणि तेवढ्यातच माझी सकाळची प्रार्थना होते, शब्द नसतात तिला बहुतेक वेळा.

बाकी घर पण बदललं. भाज्या चिरून उकळायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. पाणी मोजून, चहा, डाळ, ताक सगळं धरून. भेटायला येणारी माणसं प्रेमाने शहाळं आणतात आणि तेच नेमकं चालत नाही, मग ते वॉचमनकाकांना. चर्चमध्ये प्रभूभोजनाच्या वेळी, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात तेव्हा, हे छोटासा पेला हातात घेऊन बराच वेळ थांबतात. तहानलेल्या माणसाला तो घोटभर द्राक्षरस काय असतो ते मी आत्तापर्यंत असं कधी बघितलं नव्हतं.

मला सांगायचंय ते सेंटरच्या बाहेरच्या बाकाबद्दल. पहिले काही महिने मी तिथे भिंतीकडे बघत बसायचे. आत प्रश्न एकच, का. स्तोत्रसंहितेत किती जणांनी हाच प्रश्न विचारलाय, किती वेळ हे परमेश्वरा, म्हणून विचारायला मी घाबरले नाही, अजूनही विचारते. उत्तर मिळालेलं नाही. पण बागा लावा हे डोक्यातून जाईना, आणि माझी बाग कुठली तर तो बाक, दुसरी जागाच नव्हती माझ्याकडे. शेजारी गोवंडीहून येणारी एक भाभी बसायची, मुलगा आत. तिला फॉर्म कळत नव्हता, मला तोपर्यंत सगळं तोंडपाठ झालेलं, सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र, म्हणजे कागदपत्रांना मदत करणारा माणूस, कुठे बसतो, रेशन कार्ड आणि आधारच्या किती झेरॉक्स ठेवायच्या, रिपोर्टची फाईल कशी लावायची. तिला नेऊन आणलं. मग तिने अजून एकीला माझ्याकडे पाठवलं. आता नवीन कोणी आलं की सिस्टरच म्हणतात, त्या ताईंना विचारा.

बायबलमधल्या करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल पहिल्याच अध्यायात लिहितो की देव आपल्याला संकटात जे सांत्वन देतो ते आपण दुसऱ्यांना द्यावं म्हणून देतो. पूर्वी मला ते चर्चमध्ये वाचायचं वाक्य वाटायचं. पंडिता रमाबाईंचं आयुष्य महिला मंडळात सांगतात तेव्हाही मी नुसतं ऐकायचे. दुष्काळात आई-वडील गेले, बहीण गेली, नंतर भाऊ, आणि 1882 ला नवरा, लग्नाला दोन वर्षं पण झाली नव्हती, पदरात छोटी मनोरमा. आणि 1889 मध्ये त्याच बाईने ह्याच मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. दुःख चांगलं असतं असं मी म्हणणार नाही, रमाबाईंना विचारलं असतं तर त्यांनीही म्हटलं नसतं बहुतेक. पण जिथे त्यांचं स्वतःचं दुखलं तिथेच त्यांचं काम होतं हे मला आता दिसतं, आणि माझी आशा तिथूनच येते. हे बरे झाले तरच देव चांगला, असं आता मनात येत नाही. आज ह्या बाकावर त्याला माझं काही काम आहे, एवढं कळलं की उठून आंघोळ करून निघायचं बळ येतं.

पौर्णिमेला भाभीच्या मुलाचं एकविसावं वर्ष पूर्ण झालं, ती शिरखुर्मा घेऊन आली, ह्यांनी चमचाभर चाखला आणि तिने आमच्या दोघांसाठी दुवा मागितली. मी तिच्यासाठी येशूच्या नावाने मागते, तिला माहीत आहे. यिर्मयाने शहरासाठी मागा म्हटलंय, त्यात कोण कोण आलं हे त्याने मोजून दिलेलं नाही.

आज नवीन एक आजी आल्यात पालघरकडून, पहाटेची गाडी पकडून, आजोबा आत. रेशन कार्डावर त्यांचं नाव वेगळं आणि आधारवर वेगळं, त्यामुळे काम अडलंय. गुरुवारी त्यांच्या मुलाला सगळे कागद घेऊन यायला सांगितलंय, मी चार तास मोकळीच आहे, बसून अर्ज लिहून देईन. दुधवाल्याला उद्या एक पिशवी जास्त सांगायची, थर्मासमध्ये आजींचा पण चहा न्यायचाय.