तिने पाय वाचवला

शनिवार, रात्री उशिरा

दादाने 'बघच' म्हणून सांगितलेला तो इंग्रजी हॉरर पिक्चर आज संपवला एकदाचा. घाबरायची सगळी तयारी होती. वहिनी मुलांना घेऊन काटोलला गेलेली, दिवे बंद, कूलरची घरघर तेवढी. मध्येच दादाचा फोन, "काय करून राहिली? घाबरली ना?" नाही घाबरले. पण झोपही येत नाहीये, आणि कारण भलतंच आहे.

तो भावाच्या प्रेताचा सीन. भाऊ पोटापासून फाडलेला, आतडी बाहेर, फरशीभर रक्त. बहीण धावत येते, किंकाळी फोडते, आणि त्याच्याकडे जाताना रक्ताला वळसा घालते. बूट खराब होऊ नयेत म्हणून! मागे नेऊन परत पाहिलं. खरंच पाय वाचवते ती.

अगं, सख्खा भाऊ पडलाय समोर.

तेव्हापासून खट्टू होऊन बसलेय. आधी वाटलं, मीच निब्बर झालेय. तिकडे माणूस चिरत होते आणि मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते. हे वर्षच तसं गेलं म्हणा. बाबांच्या वेळीही मी... जाऊ दे, ते आज नको. पण कशानेच आत काही हलत नाही, असं हल्ली फार वाटतं. नुसतं घाबरायचं होतं हो, तेवढंही मिळू नये?

मग मनात आलं, निब्बर असते तर त्या एका पावलाचा एवढा राग का आला असता?

दादा म्हणेल, कमी बजेटचा आहे, समजून घे. नाही पटत. 1968 चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' असाच थोडक्या पैशांत झाला. ब्लॅक अँड व्हाइट होता, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप खपून गेलं. आपल्याकडे 1972 मध्ये रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे' घरच्या घरीच केला. एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर. 1999 च्या 'ब्लेअर विच'मध्ये तर रक्त जवळजवळ नाहीच. कॅमेरा तोंडाशी धरून रडणारी ती मुलगी, तिचं वाहणारं नाक, बस. मी तेव्हा उशी घट्ट धरून बसले होते.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? मावशीकडे वडशाला गेलो होतो तेव्हा मंडईच्या, म्हणजे तिकडच्या जत्रेच्या, दिवसांतलं झाडीपट्टीचं नाटक पाहिलं होतं, पूर्व विदर्भातलं ते रात्रभर चालणारं. पहाट व्हायला आलेली, लोक ब्लँकेटं गुंडाळून बसलेले. मुलाचं प्रेत आणतात. आईचं काम करणारी बाई ओरडली नाही, काही नाही. खाली बसली, त्याच्या शर्टाचं उघडं बटण लावलं आणि कॉलर सारखी केली. रक्ताचा एक थेंब नव्हता. माझ्या शेजारचे म्हातारे आजोबा "अरे देवा" म्हणाले आणि मला हुंदका आवरेना.

म्हणजे मी ठीक आहे. हलायचं तिथे हलते. हे लिहिता लिहिता जरा बरं वाटतंय.

त्या पिक्चरमधला तुटलेला हात मात्र मनातून जात नाहीये. त्याच्या नखांत कुणीतरी आठवणीने माती भरली होती, कारण तो माणूस आधीच्या सीनमध्ये खड्डा खणत होता. हात बनवणाऱ्याने एवढा विचार केला! त्या पोरीजवळही कुणी तासभर बसायला हवं होतं. हा तुझा भाऊ, लहानपणी तुम्ही असे भांडायचात, ह्याला अंधाराची भीती वाटायची, एवढं तिला सांगायला हवं होतं. ती वाईट नटी नसेलही. तिला माहीतच नव्हतं, तिथे कोण पडलंय.

दुसरा भागही आलाय म्हणे. त्यात ती असेल तर बघणार आहे मी.