पिम्लिकोची सनद आणि आजीचे रेशनकार्ड

आजीच्या लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, एक जुने रेशनकार्ड होते. कडा झिजून ते कापडासारखे मऊ पडले होते, पण साखरेच्या रकान्यातल्या निळ्या शाईच्या सह्या अजून वाचता येत होत्या. कुठल्याही दुकानात न चालणारे हे कार्ड आजीने इतकी वर्षे का जपले असेल, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत असे. त्याचे उत्तर मला एका जुन्या इंग्रजी विनोदी चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगात सापडले, आणि त्याच प्रसंगावर समीक्षकांनी ठेवलेला ठपका मला मुळीच पटत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

चित्रपटाचे नाव 'पासपोर्ट टू पिम्लिको'. लंडनमधल्या ईलिंग या चित्रपट स्टुडिओचे प्रमुख मायकेल बाल्कन यांची निर्मिती, हेन्री कॉर्नेलियस यांचे दिग्दर्शन आणि टी. ई. बी. क्लार्क यांची पटकथा असलेला हा चित्रपट 1949 च्या एप्रिलमध्ये लंडनला प्रदर्शित झाला. महायुद्धात पडलेला आणि न फुटलेला एक बॉम्ब पिम्लिको या लंडनच्या भागात अचानक फुटतो, खड्ड्याखाली एक तळघर उघडे पडते आणि त्यात खजिन्याबरोबर एक जुनी सनद सापडते. राजा चौथा एडवर्ड याने हा भाग बर्गंडी या तेव्हाच्या युरोपीय राज्याच्या ड्यूकला तोडून दिला होता आणि ती सनद कधीच रद्द झालेली नाही, असे मार्गारेट रदरफर्ड यांनी रंगवलेल्या इतिहासाच्या प्राध्यापिका न्यायालयात ठासून सांगतात. म्हणजे पिम्लिकोतले हे चार रस्ते ब्रिटनचे नाहीतच. ही बातमी पसरताच तिथले लोक रेशनची पुस्तके फाडून टाकतात आणि दारूचा गुत्ता वेळेचे बंधन झुगारून उघडा राहतो.

क्लार्क यांना ही कल्पना एका खऱ्या घटनेवरून सुचली. 1943 मध्ये नेदरलँड्सच्या राजघराण्यातल्या मुलीचा जन्म कॅनडात व्हायचा होता. तिला जन्मतः कॅनडाचे नागरिकत्व लागू नये, म्हणून ओटावातल्या रुग्णालयाची ती जागा तात्पुरती कॅनडाच्या हद्दीबाहेरची ठरवण्यात आली होती. एका खोलीपुरता देश बदलू शकतो, तर एका पेठेपुरता का नाही?

सांगलीच्या माणसाला यात नवल वाटू नये. आमचे संस्थान 1948 च्या मार्चपर्यंत वेगळे होते आणि त्याचा मुलूख सलग नव्हता: मंगळवेढे एकीकडे, तेरदाळ दुसरीकडे, शिरहट्टी आणि शहापूर त्याहून दूर. इथून दोन कोसांवरच्या मिरजेत पाय ठेवला की दुसऱ्या राजाची हद्द लागत असे. म्हणून चित्रपटातले 'बर्गंडीकर' भुयारी रेल्वे अडवून प्रवाशांच्या सामानाची जकात तपासतात, तेव्हा लंडनच्या प्रेक्षकाला तो कल्पनेचा कळस वाटला असेल, पण माझ्या आजोबांना तो रोजचा व्यवहार वाटला असता. आमचे विलीनीकरण झाले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लॅम्बेथमधल्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या मोकळ्या जागेवर सेट उभारून या चित्रपटाचे चित्रीकरण झाले, हे वाचले तेव्हा मला विलक्षण जवळीक वाटली. त्या वर्षी तिथे पाऊस थांबेना, त्यामुळे कडक उन्हाळ्याची ही कथा टिपायला ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ आणि पैसा लागला.

लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. पुढच्या दोन महिन्यांत ईलिंगचे आणखी दोन विनोदी चित्रपट आले आणि 'ईलिंगचा विनोद' ही एक ओळखच तयार झाली. क्लार्क यांच्या पटकथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले. या स्वागतात काळाचा वाटा मोठा होता. कपड्यांचे रेशनिंग त्याच वर्षीच्या मार्चमध्ये उठले होते आणि चित्रपट सुरू होतो तोच कपड्यांच्या कूपनांना श्रद्धांजली वाहून. अन्नधान्याचे रेशनिंग मात्र 1954 च्या जुलैपर्यंत चालणार होते. दहा वर्षे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना पडद्यावर कुणीतरी रेशनचे पुस्तक फाडताना पाहून जे वाटले असेल, ते आज आपल्याला पुरते कळणार नाही.

ठपका येतो तो पुढच्या पिढीतल्या समीक्षकांकडून. त्यांचे म्हणणे असे, की चित्रपट बंडाने सुरू होतो आणि शरणागतीने संपतो. पिम्लिकोचे लोक अखेर खजिना ब्रिटनला कर्जाऊ देऊन परत सामील होतात, भर रस्त्यावर मांडलेल्या मेजवानीत नवी रेशनपुस्तके हसत घेतात, आणि युद्धकाळातल्या एकोप्याची आठवण उगाळत प्रेक्षकाची समजूत घातली जाते. त्यातला युद्धकाळाच्या ओढीचा भाग मी मान्य करतो. पण शरणागती हा शब्द मला चुकीचा वाटतो, कारण तो मधल्या तासाभराकडे डोळेझाक करतो.

निर्बंध उठल्यावर पिम्लिकोत पहिल्यांदा कोण येते? बाहेरचे काळाबाजारवाले. एका रात्रीत रस्ता त्यांच्या फळकुटांनी भरून जातो आणि स्टॅन्ली हॉलोवे यांनी रंगवलेला दुकानदार पेंबर्टन आपल्याच गल्लीत परका होतो. हे क्लार्क यांनी मनाने रचलेले नाही. चित्रपट लागला त्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये गोळ्या-चॉकलेटांवरचे रेशनिंग उठवले गेले. मागणी इतकी उसळली की ऑगस्टमध्ये ते पुन्हा लावावे लागले. आपल्याकडे तर हा प्रयोग धान्यावर झाला. 1947 च्या डिसेंबरमध्ये कंट्रोल उठवले गेले, भाव भडकले आणि 1948 मध्येच ते परत आणावे लागले. माझ्या आजोबांचे गणपती पेठेत धान्याचे दुकान होते. आजी सांगायची, की त्या महिन्यांत मापाला माल मिळेना. ज्याच्या हातात रोकड त्याच्या घरी पोते, आणि हमालांच्या बायका रिकामी पिशवी घेऊन परत. कंट्रोल परत आले तेव्हा आजोबांनी दुकानाबाहेर रांग लावली आणि शेजारच्या सावकारालाही रांगेतच उभे केले. आजीच्या तोंडी ही गोष्ट नेहमी याच वाक्याशी थांबत असे.

चित्रपटातला मला सर्वांत प्रिय भाग याच्याही पुढचा आहे. सरकार काटेरी तार ओढून हद्द बंद करते, पाणी तोडते. लोक रात्री गुपचूप नळी टाकून पलीकडचे पाणी बॉम्बच्या खड्ड्यात भरून घेतात, पण त्या पाण्याने धान्य साठवलेले तळघर बुडते आणि सगळा साठा नासतो. आता हार मानण्यावाचून गत्यंतर नाही असे वाटत असतानाच तारेपलीकडे जमलेले लंडनकर पावाच्या लाद्या आणि खाण्याची पुडकी आत फेकू लागतात. हेलिकॉप्टर येऊन वरून नळीने दूध सोडते. तेव्हा बर्लिनची नाकेबंदी चालू होती आणि त्या शहराला विमानांनी अन्न पोहोचवले जात होते, हे प्रेक्षकांना सांगावे लागले नसणार.

बुडालेले तळघर पाहताना मला सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आठवली. हळद साठवण्यासाठी जमिनीत खोल खणलेल्या, तोंडाला अरुंद आणि पोटात मोठ्या अशा त्या पेवांत 2005 च्या महापुरात पाणी शिरले आणि शेतकऱ्यांची हळद नासली. आणि पावाच्या लाद्या फेकणारे हात पाहताना मला 2019 चा ऑगस्ट आठवला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली होती आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो. तिसऱ्या दिवशी नावेतून एका अनोळखी मुलाने वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके वर फेकले. आत चार ज्वारीच्या भाकऱ्या होत्या आणि केळीच्या पानाच्या तुकड्यात लसणाची चटणी. भाकरीवर बोटांचे ठसे होते. कुणीतरी घाईघाईने, पण हाताने थापली होती. दुपारी नाव पुन्हा आली तेव्हा त्या मुलाने प्रत्येक खिडकीपाशी घरात किती माणसे आहेत ते विचारले आणि माणशी एकच पुडके दिले. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जास्त मागितले, तेव्हा तो म्हणाला, "काकू, पुढच्या गल्लीत अजून कुणी गेलेलं नाही."

म्हणूनच शेवटची मेजवानी मला शरणागती वाटत नाही. ज्यांनी तारेवरून पाव फेकला, त्यांच्याच रांगेत परत जाऊन उभे राहण्याचा तो प्रसंग आहे. पुस्तके वाटली जातात, रेशनपुस्तक पाहून कधी आनंद होईल असे वाटले नव्हते, असे कुणीतरी म्हणते, इतक्यात उष्मा मोडतो, पारा झरझर उतरतो आणि पाऊस कोसळतो. माणसे मेजवानी सोडून आडोशाला धावतात.

आजी गेल्यावर पेटी आवरताना मी ते कार्ड उघडून नीट पाहिले. घरातल्या सात जणांची नावे होती, आणि आठव्या ओळीवर, वेगळ्या अक्षरात, आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाचे नाव लिहिलेले होते.