नवी अ‍ॅमोनाइट प्रजाती: नाव ठेवण्याआधीचा खटाटोप

पुण्यात राहून अ‍ॅमोनाइटवर, म्हणजे वेटोळ्या शंखाच्या एका नामशेष समुद्री प्राण्यावर, पीएचडी करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "वेताळ टेकडीवर सापडतात का गं?" नाही सापडत. आपल्या पायाखाली सगळा लाव्हाचा काळा कातळ. त्यात झिओलाइटचे स्फटिक मिळतील, समुद्रातला प्राणी कुठून मिळणार? त्यासाठी कच्छ गाठावं लागतं. तिथे जुमारा, कीरा अशा घुमटाकार डोंगरांत ज्युरासिक समुद्राचा गाळ थरावर थर उघडा पडलाय. शाळिग्रामात ज्याचं चक्र दिसतं, त्याच गटातले साधारण 16 कोटी वर्षांपूर्वीचे शंख तिथे मिळतात.

फील्डचं फार सांगत नाही. ऊन, हातोडा, चिकटपट्टीवर लिहिलेला थराचा क्रमांक, आणि परतीच्या गाडीत "बॅगेत दगड आहेत काय?" असं विचारणारा हमाल (होते!). फक्त एवढंच, की उतारावर घरंगळत आलेला नमुना कितीही देखणा असला तरी तो नक्की कुठल्या थरातला हे सांगता येत नाही. आमची सगळी मदार थरातून स्वतः काढलेल्या नमुन्यांवर होती.

पुण्यात आल्यावर सुईने माती कोरून काढली, तेव्हा त्यातल्या काहींच्या बरगड्या, म्हणजे शंखावरच्या उठावदार रेघा, ओळखीच्या वाटेनात. सरांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "वेगळं दिसतंय खरं. पण आधी हे जुन्यांपैकी कुणी नाही ते दाखव, मग बोलू."

खरं काम तेच. वागेन या भूवैज्ञानिकाने कच्छच्या अ‍ॅमोनाइटचं वर्णन 1873 ते 1875 मध्ये छापलं, स्पाथ या जीवाश्मतज्ज्ञाने 1927 ते 1933 या काळात सहा भागांत त्याची फेरतपासणी केली. स्पाथचा हात नावं देण्यात भलताच सढळ. बरगडी थोडी जाड झाली की नवी प्रजाती! त्यातली बरीच नावं नंतरच्या लोकांनी एकमेकांत मिसळून टाकली. पण आपल्या नमुन्याला त्यातलं एखादं जुनं नाव बसत असेल तर नवं देता येत नाही, म्हणून प्रत्येक नावामागचा मूळ नमुना तपासावा लागतो. वागेनच्या ग्रंथातली चित्रं हाताने काढलेली, सुबक. पण मापं घ्यायची तर मूळ दगडच हवा. वागेनचे नमुने कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे जाऊन व्हर्नियरने व्यास, वेटोळ्याची उंची आणि जाडी, नाभीची (शंखाच्या मधल्या खोलगट भागाची) रुंदी घेतली, अर्ध्या वेटोळ्यातल्या बरगड्या मोजल्या.

मग नर-मादीचा पेच. एकाच प्रजातीत मोठे आणि छोटे असे दोन आकार असतात, हे कॅलोमन आणि माकोव्स्की या संशोधकांनी साठच्या दशकात पटवून दिलं. मोठी मादी असावी, छोटा नर. त्याआधी दोघांना सर्रास वेगवेगळी नावं दिली जात. आमच्याकडेही एकाच थरात दोन्ही आकार होते. छोटे म्हणजे नुसती पिल्लं तर नव्हेत? नव्हेत, त्यांच्या शेवटच्या शिवणरेषा (शंखातल्या कप्प्यांचे पडदे बाहेरच्या भिंतीला जुळतात त्या रेषा) एकमेकींना खेटून आल्या होत्या, म्हणजे वाढ थांबलेली. शिवाय तोंडाशी कानांसारख्या पट्ट्या होत्या, ही छोट्या आकाराची खूण. मोठ्या शंखाची बाहेरची वेटोळी काढून आतली पाहिली, तर ती छोट्यांशी तंतोतंत जुळली. मला सगळ्यात आनंद झाला तो त्या दिवशी, पेपर स्वीकारल्याची मेल आली तेव्हा नाही. दोघे एकाच नावाखाली घेतले, मोठ्यांपैकी सर्वांत धड असलेला होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा अधिकृत मूळ नमुना, ठरवला आणि सगळे नमुने क्रमांक घालून संग्रहालयात जमा केले.

फोटोंनी मात्र जीव काढला. बरगड्या उठून दिसाव्यात म्हणून शंखावर नवसागराच्या वाफेचा पांढरा थर देतात आणि प्रकाश वरून डावीकडून घेतात. जुलैत पुण्याच्या दमट हवेत तो थर बघता बघता बिघडतो. पावसाळ्यात हे काम काढू नये, हा माझा फुकट सल्ला.

नावासाठी घरून सूचनांचा पाऊस पडला, अगदी आजीच्या नावापर्यंत. शेवटी गावावरून नाव ठेवलं. झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणीही केली, कारण फक्त ऑनलाइन निघणाऱ्या पेपरला 2012 पासून ती लागतेच. नाव इथे लिहीत नाही. पेपर अजून निघायचाय, आणि वर्णनाशिवाय बाहेर पडलेलं नाव प्राणिनामांच्या नियमांत धरलंच जात नाही. आजी सध्या रुसली आहे.