दर नसलेली मेनूकार्डं

रात्री झोप येईनाशी झाली की मी जुनी मेनूकार्डं वाचत बसतो. हा उद्योग पोट भरलेलं असतानाच करावा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपल्या संग्रहातली हजारो कार्डं स्कॅन करून सगळ्यांसाठी खुली केली आहेत, त्यामुळे साहित्याला तोटा नाही. त्यातही माझा जीव रमतो तो अमेरिकेतल्या जुन्या रिसॉर्ट हॉटेलांच्या कार्डांत. मिशिगनमधल्या मॅकिनॉ बेटावरचं १८८७ सालचं ग्रँड हॉटेल किंवा कॅलिफोर्नियातलं १८८८ सालचं हॉटेल डेल कोरोनाडो, त्या पिढीतली हॉटेलं. आगगाडीने, बोटीने माणसं यायची ती मोठमोठ्या ट्रंका घेऊन, आठवडेच्या आठवडे मुक्कामाला.

असं कार्ड पहिल्यांदा हातात आलं (हातात म्हणजे पडद्यावर) तेव्हा मी उजवीकडचा रकाना शोधत राहिलो. दरच नाहीत! मग कळलं की खोलीच्या भाड्यातच तिन्ही वेळचं जेवण धरलेलं असे. याला तिकडे ‘अमेरिकन प्लॅन’ म्हणतात; जेवणाचे पैसे वेगळे लावले की तो ‘युरोपियन प्लॅन’. एरवी आपण सगळे मेनूकार्ड उजवीकडून डावीकडे वाचतो, फक्त कबूल कोणी करत नाही. दर नसले की माणूस कसा ऐसपैस वाचतो.

आणि वाचण्यासारखं असायचंही भरपूर. सूप, मासे, मग ‘उकडलेलं’ नावाचं एक स्वतंत्र खातं, त्यात केपर सॉसबरोबर मेंढीची तंगडी. मग भाजलेलं, मग फ्रेंच नावांची एक फौज, भाज्या, पुडिंगं, आणि शेवटी बेदाणे, अक्रोड, चीज, कॉफी. एवढं एका जेवणाला. उद्याचं कार्ड वेगळं, कारण वर तारीख छापलेली. मोठ्या हॉटेलांत त्यासाठी स्वतःचा छापखानाच असायचा.

सगळ्यात बुचकळ्यात टाकलं ते सेलरीने. तोंडी लावण्याच्या यादीत ऑलिव्हच्या शेजारी नुसतं ‘सेलरी’, कार्डामागून कार्ड. या पाणचट देठांचं एवढं कौतुक का? तर तेव्हा ते पिकवणं म्हणजे कमरेचा काटा ढिला करणारं काम होतं. देठ पांढरे, कोवळे राहावेत म्हणून रोपांना माती चढवत राहायचं, ऊन लागू द्यायचं नाही, पाणी सतत हवं. म्हणून तिचा मान मोठा. ती मांडायला काचेची खास उभी भांडी निघाली, फुलदाणीसारखी, आणि मिशिगनमधलं कॅलमझू गाव तर सेलरीचं शहर म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. पुढे लागवड सोपी झाली, सेलरी स्वस्त झाली आणि तिची फुलदाणी गेली. आपल्या ताटातला कुठला पदार्थ उद्या असाच गरीब होईल, हा विचार मला उगाचच छळतो.

खरी गंमत तळाच्या बारीक अक्षरांत. मुलं आणि त्यांना सांभाळणाऱ्या बायका यांच्या जेवणाची वेळ वेगळी. खोलीवर जेवण मागवलंत तर जादा आकार. आणि टेबलावरची फळं खोलीत नेलीत तर त्याचेही पैसे पडतील! म्हणजे झुंबरांखाली बसून संत्रं खिशात घालणारे श्रीमंत होतेच, आणि इतके होते की सूचना छापावी लागली.

हा एका दिवसाचा कागद टिकला कसा? त्याचं श्रेय मोठ्या प्रमाणात फ्रँक बटॉल्फ या बाईंना. (हो, नाव फ्रँकच.) त्यांनी १९०० पासून हॉटेलांना पत्रं लिहून, पत्राला दाद मिळाली नाही तर स्वतः जाऊन थडकून, पंचवीस हजारांवर मेनूकार्डं लायब्ररीसाठी जमवली. पदार्थांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या लेखी हा इतिहासाचा कागद होता.

मी इतका निर्मोही नाही. मी डाग शोधतो. एखाद्या कार्डाच्या कोपऱ्यात तपकिरी ठिपका दिसला की मोठा करून पाहतो आणि वरच्या यादीशी ताडून बघतो: सूप असेल, की कॉफी? काल रात्री तासभर गेला. माझं मत सूपकडे झुकतंय.